लॉन काढायचं तर ऑक्टोबरात

सॅन होजे, सनीव्हेल, क्युपर्टिनोच्या पट्ट्यात पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा. घरापुढचं लॉन नेमकं तेव्हाच पाणी पितं. ते काढून कॅलिफोर्नियाची मूळची झाडं लावायची असतील तर ऑक्टोबर गाठा, म्हणजे मुळं धरायला अख्खा पावसाळा मिळतो. एप्रिलमध्ये लावलेलं रोप मुळं पसरायच्या आतच उन्हात सापडतं. लॉन काढायला इथलं जलमंडळ अनुदान देतं, पण अर्ज आणि मंजुरी आधी. तोवर लॉनला हात लावू नका.

आधी गवत ओळखा. फेस्क्यू असेल तर सोपं. बर्म्युडा असेल तर ती आपली हरळीच, आणि तिचा चिवटपणा शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. रोटाव्हेटर फिरवलात तर काशांच्या, म्हणजे जमिनीखालच्या खोडांच्या, एकेका तुकड्याला नवा कोंब फुटतो. जून-जुलैत गवत बुडापर्यंत कापा, माती भिजवा आणि पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरून कडा मातीत पुरा. सहा आठवडे तसंच ठेवा. उरलेल्या काशा फोर्कने उकरून काढा.

मग त्या जागेवर पुठ्ठा अंथरा. टेप काढलेला, गुळगुळीत छपाई नसलेला. दोन पुठ्ठे एकमेकांवर किमान सहा इंच चढले पाहिजेत, कारण गवत फटीतूनच वर येतं. पुठ्ठा चिंब भिजवून त्यावर लाकडाच्या तुकड्यांचा चार इंच जाड थर पसरा. 500 चौरस फुटांना साधारण सहा घनयार्ड लागतात. झाडं छाटणारे कंत्राटदार हे बऱ्याचदा फुकट टाकून जातात. फुटपाथच्या कडेची माती आधीच चार इंच खोल काढा, नाहीतर पहिल्याच पावसात सगळं रस्त्यावर येतं.

स्प्रिंकलरची जुनी लाइन ठिबकला वापरता येते, मात्र फिल्टर आणि 25-30 पीएसआयचा प्रेशर रेग्युलेटर हवाच. तो नसेल तर जोड निसटतात आणि लाकडाच्या थराखाली कळतही नाही.

सियानोथस, मँझनिटा, क्लीव्हलंड सेज, यॅरो ही भरवशाची झाडं. पुठ्ठा कापून खड्डा घ्या. खड्डा कुंडीइतकाच खोल, रुंदी दुप्पट. रोपाच्या मुळांचा गड्डा जमिनीपेक्षा इंचभर वर राहू द्या आणि खोडाभोवती सहा इंच जागा लाकडाच्या तुकड्यांपासून मोकळी ठेवा. शेणखत नको, त्याने नुसती लुसलुशीत वाढ होते. पहिल्या उन्हाळ्यात वरची दोन-तीन इंच माती सुकली की सकाळी खोलवर पाणी द्या. दुसऱ्या वर्षापासून सियानोथसला उन्हाळ्यात पाणी घालून दया दाखवू नका. चिकणमाती गरम आणि ओली राहिली की मुळं कुजतात, पानं सुकतात, आणि पाणी कमी पडलं असं वाटून माणूस आणखी पाणी घालतो. अशीच झाडं जास्त मरतात.

परसात कढीपत्ता लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. रोप परवानाधारक नर्सरीतूनच घ्या. मैत्रिणीकडची फांदी किंवा दुसऱ्या काउंटीतली कुंडी आणू नका: त्यावरून येणारी सिट्रस सिलिड ही कीड लिंबू-संत्र्यांना असाध्य रोग देते, म्हणून अशा वाहतुकीवर क्वारंटाइनचे नियम आहेत.