तुम्ही विचारलंत म्हणून : बेरिल बर्टनच का?

सायकलिंगचा विषय निघाला आणि मी ब्रिटिश सायकलपटू बेरिल बर्टनचं नाव घेतलं की समोरचे विचारतात, “ऑलिम्पिकची पदकं किती तिची?” एकही नाही म्हटल्यावर चेहरे पडतात आणि मग पुढचा प्रश्न येतो : ब्रिटनमध्ये विगिन्स, लॉरा केनी, कॅव्हेंडिश अशी मोठमोठी नावं असताना तुम्ही हिचंच नाव का घेता? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

आधी पदकाचं. बेरिल ऑलिम्पिकमध्ये हरली नाही, तिच्यासाठी तिथे शर्यतच नव्हती. पुरुष १८९६ पासून ऑलिम्पिकमध्ये सायकल चालवत होते. बायकांची पहिली शर्यत १९८४ साली लॉस एंजेलिसला झाली, तीही फक्त रस्त्यावरची. तेव्हा बेरिल ४७ वर्षांची होती. ट्रॅकवरच्या ज्या परस्यूट प्रकारात ती पाच वेळा जगज्जेती झाली, तो बायकांसाठी आला १९९२ साली. आणि टाइम ट्रायल, म्हणजे एकट्याने घड्याळाशी शर्यत, जिथे तिचं राज्य होतं, ती आली १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये, ऑगस्टमध्ये. बेरिल त्याच वर्षी ५ मे रोजी वारली. तिच्याकडे पदक नाही म्हणून तिला कमी लेखणाऱ्यांचा मला राग येतो, तो यासाठी.

तिचा जन्म १९३७ चा, लीड्सचा. अकराव्या वर्षी शाळेच्या निवड-परीक्षेत ती नापास झाली आणि त्याच सुमारास संधिवाताचा ताप आला. शरीराची एक बाजू काही काळ लुळी पडली. रुग्णालय, मग सक्तीची विश्रांती, यात शाळेचा बराच काळ गेला आणि डॉक्टरांनी दमछाकीचं काही करायचं नाही, असं बजावलं. पुढे कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागल्यावर तिथे चार्ली बर्टन भेटला. तो सायकलवाला होता. १९५५ साली दोघांनी लग्न केलं, पुढच्या वर्षी डेनिस ही मुलगी झाली. बेरिल आपल्यापेक्षा फार पुढे जाणार हे चार्लीच्या लवकर लक्षात आलं. मग सायकलची देखभाल, शर्यतीच्या गावी नेणं-आणणं, मुलीला सांभाळणं हे सगळं त्याने अंगावर घेतलं. तो काळ धरला तर असा नवरा विरळाच. बेरिलबद्दल लिहिणारे त्याला एका ओळीत उरकतात, ते मला पटत नाही.

टाइम ट्रायल हा प्रकार ब्रिटनमध्ये जसा रुजला तसा क्वचितच कुठे रुजला असेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलिसांशी वाद नकोत म्हणून तिथल्या सायकल संघटनेनेच रस्त्यावर घोळक्याने शर्यती लावायला बंदी घातली. सायकलवाल्यांनी वाट काढली. भल्या पहाटे, रहदारी नसताना, एकेक मिनिटाच्या अंतराने एकेकाला सोडायचं. मार्गाला गावाच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक. पुढे कोण, मागे कोण, याला अर्थ नाही, स्पर्धा घड्याळाशी. बंदी पुढे उठली, पण ही शिस्त आणि तिची हौशी मंडळी टिकून राहिली. बेरिल या जगातली. मॉर्ली सायकलिंग क्लब हा तिचा क्लब, आणि ती शेवटपर्यंत हौशीच राहिली. पोटासाठी ती निम कार्लाइन या सायकलपटूच्या शेतावर काम करायची. वेस्ट यॉर्कशरचा तो भाग रुबार्बसाठी प्रसिद्ध आहे, लालसर आंबट देठांची ती भाजी. दिवसभर खोदायचं, वाकायचं, ओझी उचलायची आणि मग सायकलवर बसायचं.

अशा दिनक्रमातून ती १९५९ साली बेल्जियममधल्या लीजला गेली आणि परस्यूटची जगज्जेती झाली. परस्यूट म्हणजे ट्रॅकच्या दोन समोरासमोरच्या बाजूंनी दोघी एकाच वेळी निघतात, तेव्हा बायकांसाठी अंतर तीन किलोमीटर. पुढच्या वर्षी पूर्व जर्मनीत तिने ट्रॅकवरचंही आणि रस्त्यावरचंही, अशी दोन्ही जगज्जेतेपदं मिळवली. त्याच उन्हाळ्यात रोमला ऑलिम्पिक होतं, पण तिथे बायकांची सायकल शर्यतच नव्हती. परस्यूटची आणखी सुवर्णपदकं १९६२, १९६३ आणि १९६६ ची, रस्त्यावरचं दुसरं १९६७ चं, नेदरलँड्समधल्या हीर्लेनचं. एकूण सात. सरकारने एमबीई, ओबीई हे ब्रिटिश सन्मान दिले.

पण मला कोणी एकच दिवस निवडायला सांगितला तर मी १७ सप्टेंबर १९६७ निवडीन. हीर्लेनला जगज्जेती होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. यॉर्कशरमध्ये बारा तासांची टाइम ट्रायल होती. बारा तासांत जास्तीत जास्त अंतर कापायचं, बस. पुरुष आधी सुटले, बायका त्यांच्या मागून. पुरुषांत शेवटी सुटला माइक मॅक्नमारा, आणि तो त्या दिवशी इतका जोरात होता की पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम मोडायच्या वाटेवर होता. बेरिल त्याच्या दोन मिनिटं मागून निघालेली. तास उलटत गेले तशी ती एकेका पुरुषाला मागे टाकत गेली आणि अखेर तिला मॅक्नमारा दिसला. त्याला गाठल्यावर तिने खिशातून ज्येष्ठमधाची एक गोळी काढून त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली. बेरिल पुढे निघून गेली.

मॅक्नमाराने त्या दिवशी २७६.५२ मैल कापले, पुरुषांचा नवा विक्रम. बेरिलने २७७.२५. किलोमीटरमध्ये साधारण ४४६. आमच्याकडे बीआरएम, म्हणजे ठरावीक मुदतीत लांब पल्ल्याची सायकलफेरी, करणाऱ्यांना हा आकडा लगेच कळेल : ४०० किलोमीटरच्या बीआरएमला २७ तासांची मुदत असते. ती बारा तासांत त्याहून ४६ किलोमीटर पुढे होती, तेही स्टीलच्या सायकलवर, वाऱ्याला तोंड देत, एकटीने. पुरुषांना तिचा आकडा ओलांडायला दोन वर्षं लागली, बायकांना पन्नास. तो विक्रम २०१७ साली अॅलिस लेथब्रिजने मोडला. इतर कुठल्या खेळात एखाद्या बाईने पुरुषांचा विक्रम मागे टाकून तो दोन वर्षं आपल्याकडे ठेवला असेल, तर मला नक्की कळवा, मला ऐकायला आवडेल.

गोळीची गोष्ट सगळ्यांना आवडते, मलाही. तरी माझ्या मते तिचं मोठेपण त्याहून दुसरीकडे आहे. ब्रिटनमध्ये ठरावीक अंतरांच्या टाइम ट्रायलमधल्या सरासरी वेगावरून वर्षाचा सर्वोत्तम अष्टपैलू ठरवतात. बायकांमध्ये हा किताब बेरिलने १९५९ ला घेतला आणि मग १९८३ पर्यंत दर वर्षी घेतला. सलग पंचवीस वर्षं. त्यात दुखापती आल्या, वय आलं, नव्या मुली आल्या. २५ मैल तासाभराच्या आत कापणारी पहिली बाई ती, १०० मैल चार तासांच्या आत कापणारीही तीच. बक्षिसाची रक्कम नगण्य, प्रेक्षक म्हणजे रस्त्याकडेला थर्मास घेऊन उभी असलेली क्लबची मंडळी. तरी पुढच्या रविवारी ती पुन्हा हजर. पदकासाठी चार वर्षं राबणारे खेळाडू मला समजतात. हिला मात्र मी कितीही वाचलं तरी पूर्ण समजू शकले नाही, आणि ओढ तिथेच आहे.

तिची कडवी बाजूही विचारली जाते, तर तेही सांगते. १९७६ च्या राष्ट्रीय रोड रेसमध्ये डेनिसने शेवटच्या क्षणी वेग घेऊन आईला हरवलं. आघाडीच्या गटात डेनिसने आपल्या वाट्याची मेहनत केली नाही, असं बेरिलचं म्हणणं, आणि बक्षीस देताना तिने पोटच्या मुलीशी हात मिळवला नाही. ते चुकलंच. खिलाडूवृत्तीचं नव्हतं, हे तिने स्वतः आत्मचरित्रात कबूल केलं आहे. पण ज्या बाईला ३९ व्या वर्षीही मुलीकडून हरणं इतकं झोंबतं, तीच आणखी सात वर्षं तो किताब राखू शकते, असं मला वाटतं. मायलेकींचं नातं त्या दिवशी तुटलं नाही. १९८२ साली दोघी एकाच टँडमवर, म्हणजे दोघांनी चालवायच्या सायकलवर, बसल्या आणि १० मैलांचा बायकांचा ब्रिटिश विक्रम केला, २१ मिनिटं २५ सेकंद.