हॉल त्यांचा, माणसं आपली : आमची वाटचाल

ठाण्यात लग्नाला हॉल मिळतो. नौपाड्यात मिळतो, घोडबंदर रोडला तर चौकाचौकात मिळतो. अडतं ते पुढे. जेवण हॉलच्याच केटररचं, स्टेज हॉलच्याच डेकोरेटरचं, आणि बाहेरचा माणूस आणायचा म्हटलं की ‘रॉयल्टी’ भरा. म्हणजे आपल्या पसंतीच्या माणसाने काम करावं यासाठी हॉलवाल्याला पैसे मोजायचे. भटजी नको, आहेर नको, हजाराची पंगत नको असं घरच्यांशी भांडून ठरवलेलं जोडपं हॉलच्या या ठरलेल्या माणसांच्या यादीसमोर, म्हणजे ‘पॅनेल’समोर, येऊन बसतं आणि अर्ध्या तासात त्यांचं लग्न चारचौघांसारखं होऊन जातं. अशा जोडप्यांचं लग्न त्यांच्या मनासारखं करून द्यायचं, आणि त्यासाठी स्वतंत्र काम करणारी माणसं शोधून जोडायची, हा आमचा धंदा. तो नेमका याच खाचेत उभा राहिला.

आम्ही दोघी. हिशेब आणि कागद माझ्याकडे, माणसं माझ्या मैत्रिणीकडे. ती बरीच वर्षं नाटकांच्या बॅकस्टेजला होती. गडकरी रंगायतनला मागच्या दाराने आत जाणारी माणसं तिच्या ओळखीची, त्यामुळे आमची पहिली यादी तिथूनच निघाली. लाइट लावणारा, नेपथ्याचा सुतार, कपडेपट सांभाळणाऱ्या एक ताई. तिसरी घंटा झाली की पडदा वर जाणारच, हे नाटकवाल्यांच्या अंगात मुरलेलं असतं. लग्नात हा गुण सोन्याच्या मोलाचा.

तरी सुरुवातीला हे हौसेचंच काम होतं. खरी कलाटणी दिली ती कोविडने. एप्रिल 2021 मध्ये सरकारने नियम लावला: लग्न एकाच हॉलमध्ये, दोन तासांत उरकायचं, माणसं पंचवीस, आणि मोडलं तर 50 हजार दंड. ज्या घरांत ‘लोक काय म्हणतील’ हा शेवटचा शब्द असायचा, त्याच घरांनी पंचवीस माणसांत लग्नं लावली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. निर्बंध उठल्यावर पुष्कळ जण परत हजाराकडे गेले. पण जे नाही गेले ते आमच्याकडे यायला लागले.

येणाऱ्यांपैकी बहुतेकांना रजिस्टर लग्न हवं असतं, आणि त्याबद्दल गैरसमज फार. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात आधी किमान 30 दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटीस दिल्यावर 30 दिवस थांबायचं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न करायचं. तीन साक्षीदार लागतात. आता गंमत बघा: वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर आणि पनवेल रायगडमध्ये. खारघरची मंडळी स्वतःला नवी मुंबईकर म्हणवतात, म्हणून नोटीसही ठाण्यातच द्यायची असं धरून चालतात. त्यामुळे आमच्याकडे पहिला प्रश्न बजेटचा नसतो. ‘आधार कार्डावर पत्ता कुठला?’ हा असतो.

याच कायद्यात फारसं कुणाला ठाऊक नसलेली एक सोय आहे. जादा फी भरली तर विवाह अधिकारी वाजवी अंतरावर, आपण ठरवलेल्या जागी येऊ शकतात. विधी कुठल्याही पद्धतीचा चालतो. फक्त अधिकारी आणि साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं वाक्य म्हणायचं, तेही त्यांना समजणाऱ्या कुठल्याही भाषेत. आमच्या लग्नांत सगळा कार्यक्रम या वाक्याभोवती रचलेला असतो. माइक कुणाकडे, दिवे कधी मंद करायचे, आजीची खुर्ची कुठल्या बाजूला, सगळं.

आता बाईने लावलेल्या लग्नाबद्दल. ‘आम्हाला पुरोहित बाई हवी’ असं सांगताना मुलंमुली जरा दबकत बोलतात, जणू काही फार अघटित मागतायत. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने स्त्री-पुरोहित तयार केल्या त्याला किती काळ लोटला. सत्यशोधक पद्धतीचं लग्न म्हणाल तर जोतीराव फुल्यांनी समाज स्थापला 1873 मध्ये, आणि भटजीविना लग्नं तेव्हापासून लागतात. आणि आपल्या ठाण्यात तर उत्तर घराशेजारीच आहे. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण असते. धवळे गात गात एकेक विधी पुढे नेणारी बाई. वारल्यांतही लग्न धवलेरीच लावते. एका मुलीच्या वडिलांना ‘बाई लग्न लावणार’ हे काही केल्या पटेना. ते मूळचे भिवंडीकडचे आगरी. माझ्या मैत्रिणीने त्यांना एवढंच विचारलं, “काका, तुमचं लग्न कोणी लावलं होतं?” काका गप्प. मग काकीच म्हणाल्या, “आमच्या गावची धवलारीण होती ना!” पुढे त्या लग्नाला धवलारीण शोधून आणली ती काकांनीच. गळा असा की साउंडवाल्याने स्वतःहून माइक बाजूला नेला.

आता माणसं कशी सापडतात ते सांगते. इन्स्टाग्रामवर फोटो दिसतात, हात दिसत नाहीत. म्हणून आम्ही बचत गटांच्या प्रदर्शनांत फिरतो, जांभळी नाक्याच्या बाजारात पत्रावळी विकायला बसणाऱ्या बायकांशी बोलतो, वसईहून सोनचाफा-मोगरा आणणाऱ्यांचे नंबर घेतो. कळव्याच्या एक मावशी तांदळाची भाकरी करतात. पीठ उकडीचं, हातावर थापलेली, तव्यावर टम्म फुगणारी. भाकरी गरम वाढली तरच तिला अर्थ, आणि एकटीचे हात शंभर पानांना पुरत नाहीत. त्यात एका सोसायटीच्या क्लबहाउसने ऐन वेळी गच्चीवर चूल पेटवायला मनाई केली, आदल्या आठवड्यात होकार दिलेला असताना. मावशींनी जराही आरडाओरडा केला नाही. नणंद आणि जाऊ दोघींना बोलावून घेतलं, खाली गेटजवळच्या मोकळ्या जागेत तीन शेगड्या मांडल्या आणि दुरड्या लिफ्टने वर. निम्मे पाहुणे भाकरी फुगताना बघायला खाली जाऊन उभे राहिले.

यातून आमचा ‘कागद’ तयार झाला. एका पानाचा, मराठीत, प्रत्येक व्हेंडरला वेगळा. टेम्पो गेटवर किती वाजता, गॅसचं 19 किलोचं सिलिंडर कोण उचलणार, 15 अँपिअरचा पॉइंट कुठे, जेवण कुणाकडे, विसार किती, बाकी कधी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बदली कोण. स्वतंत्र काम करणारा फोटोग्राफर तापाने आडवा झाला तर मागे कंपनी नसते. त्यानेच आपल्या तोडीचा दुसरा माणूस आधी सांगून ठेवायचा. पहिल्यांदा हे मागितलं तेव्हा काहींना राग आला. आता तेच एकमेकांचे बदली असतात. रविवारच्या लग्नाला शनिवारी रेल्वेचा मेगाब्लॉक बघणं हेही कागदावरच आहे. ट्रान्स हार्बरची लोकल बंद असली की ठाण्याहून वाशीला फुलांची टोपली नेणाऱ्या माणसाचे हाल विचारू नका.

व्हेंडरकडून कमिशन आम्ही घेत नाही. ठरलेली फी जोडप्याकडून, बस. कमिशन घेणारा कुठल्या नावावर जास्त सुटतात तेच नाव पुढे करतो, मग तो कितीही भला असो. यावर आमची दोघींची मतं पूर्वी जुळत नव्हती. आता जुळतात, कारण व्हेंडर आम्हाला खरा दर सांगतात.

मुहूर्त न बघणाऱ्यांचा एक व्यवहारी फायदाही आहे. पौषात, पितृपक्षात हॉल रिकामे, दर उतरलेले, चांगली माणसं मोकळी. पितृपक्षाचं नाव काढलं की घरातली मोठी माणसं कानांवर हात ठेवतात. पौषावर बहुधा तडजोड होते.

दोन मुलींचं किंवा दोन मुलांचं लग्न असेल तर कायद्याचा कागद होत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्यता दिली नाही. समारंभ मात्र होतो, आणि आम्ही करतो. त्यासाठी प्रत्येक व्हेंडरला आधीच स्पष्ट विचारून ठेवलंय. ‘नाही’ म्हणणाऱ्यांवर राग नाही, त्या कामाला त्यांचं नाव देत नाही एवढंच. ‘हो’ म्हणणाऱ्यांत सगळ्यात आधी कपडेपटवाल्या ताई होत्या. त्यांनी फक्त मापं कधी घ्यायची ते विचारलं.

सध्या आम्हाला तीन माणसं हवी आहेत: बंद खोलीत कान न फाडता वाजवेल असा ब्रास बँडवाला, वाशी-नेरूळकडचा सुतार, आणि बेलापूरच्या बाजूला उकडीच्या भाकऱ्या करणारं कुणी. विसार काम ठरल्याच्या दिवशीच मिळतो. कुणी ओळखीचं असेल तर कळवा.