दोन बोटांचा हिशेब

मे महिना लागला की नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरातील अंथरुणे गच्चीवर जातात, आणि पहाटे ऊन डोळ्यांवर येण्याआधी गादी गुंडाळून, दोन्ही हातांनी छातीशी धरून जिना उतरावा लागतो. गादीआडून पायाखालचे काही दिसत नाही. तरीही गेली तीस वर्षे मी हा जिना अर्धवट झोपेत बिनबोभाट उतरत आलो आहे. यंदा मात्र खालच्या खोलीत जुन्या शहाबादी फरशीवरच नव्या टाइल्स बसवल्या, जमीन दोन बोटे वर आली, आणि पहिल्याच पहाटे शेवटच्या पायरीवरून टाकलेल्या पावलाला ती वेळेआधीच भेटली. टाचेपासून दाढेपर्यंत हादरा बसला आणि गादी हातातून सुटली.

जिन्याला पायऱ्या किती, असे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. पायांना मात्र प्रत्येक पायरीची उंची तोंडपाठ होती. स्नायूंच्या आत चातीच्या आकाराचे सूक्ष्म संवेदक असतात; स्नायू किती आणि किती वेगाने ताणला गेला, याची वर्दी ते मज्जारज्जूकडे धाडतात, तर स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांतील संवेदक ओढ किती पडते आहे ते कळवतात. मागच्या बाजूचा लहान मेंदू या वर्दीची आपल्या अंदाजाशी सतत ताडणी करतो. माझ्या बाबतीत अंदाज जुन्या फरशीचा होता, इतकेच.

चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये, हातपाय कुठे आहेत ते न पाहताच कळण्याच्या या जाणिवेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ हे नाव दिले, पण ती नसेल तर काय होते हे इयान वॉटरमन या इंग्रज गृहस्थाच्या वाट्याला आले. १९७१ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, एका आजारपणात त्याची मानेखालची ही जाणीव आणि स्पर्शही गेला. स्नायू शाबूत होते, पण हातपाय कुठे आहेत ते कळेना. पुढे प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहत, मनात आखत, तो पुन्हा चालायला शिकला. परंतु दिवे गेले की त्याचा सगळा आधारच जाई. गादी घेऊन जिना उतरणे त्याला कसे जमणार होते?

आमच्या आईची तक्रार याच खात्याच्या दुसऱ्या टेबलावरची. गेल्या वर्षी कुशीवर वळताच ती ओरडली, "बाप्पा, खोली फिरून राहिली ना रे!" आतल्या कानात तोल सांभाळणारे कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक असतात, त्यांतले काही जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले होते, आणि डोके स्थिर झाले तरी मेंदूला ते फिरतच असल्याचा निरोप मिळत होता. डॉक्टरांनी तिला आडवे करून मान ठरावीक क्रमाने वळवली, स्फटिक स्वस्थानी गेले. औषधाची चिठ्ठी नाही म्हणून आई मात्र परतीच्या वाटेवर नाराजच होती.

मी पुढचे काही दिवस शेवटची पायरी मुद्दाम ध्यानात ठेवून उतरलो, आणि त्या सावधपणात वरच्याच दोन पायऱ्यांवर अडखळलो. मग नाद सोडला. जूनच्या पहिल्या सरीने अंथरुणे खाली आणली, त्या पहाटे शेवटचे पाऊल नव्या टाइलवर अलगद टेकले. पायांनी हिशेब केव्हा दुरुस्त केला, ते मला कळवले नव्हते.