मिठाच्या पाण्याचे गाव

ऑस्ट्रियातील साल्झबुर्गहून बाड इश्लला जाणारी बस सेंट गिल्गेनजवळच्या उतारावर आली आणि खाली वोल्फगांग सरोवर दिसू लागले. आपल्याकडचे बहुतेक मोठे जलाशय धरणांचे असल्यामुळे पाणी म्हटले की भिंत कुठे आहे, हे मी नकळत शोधू लागतो. येथे भिंत नाही. हिमनदीने कोरलेल्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून ५३८ मीटर उंचीवर, सुमारे १३ चौरस किलोमीटरचे हे पाणी पसरलेले आहे आणि सर्वांत खोल जागी त्याची खोली ११४ मीटर आहे. काठावरून पाहताना ते हिरवे दिसते आणि मध्यावर जवळजवळ काळे.

१८७३ मध्ये बांधलेली, ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याचे नाव धारण करणारी चाकांची आगबोट अजूनही या सरोवरात चालते. पलीकडच्या काठावरील सेंट वोल्फगांगच्या यात्रेच्या देवळात मिखाएल पाखर याने १४८१ मध्ये पूर्ण केलेली, दारांसारखी उघडणारी लाकडी वेदी आहे. तिच्यासमोर आम्ही तासभर बसलो आणि तेवढा वेळही अपुराच वाटला.

सरोवराचे पाणी स्ट्रोबल या गावाजवळून इश्ल नदीच्या रूपाने बाहेर पडते आणि बाड इश्ल येथे ट्राउन नदीला मिळते. गावाला नाव या नदीवरून मिळाले, पण दैव मिळाले ते मिठामुळे. इश्लच्या डोंगरात १५६३ पासून मीठ काढले जात आहे. खाणीत पाणी सोडून मीठ विरघळवायचे, ते खारे पाणी खाली आणायचे आणि कढयांत आटवायचे, अशी ही रीत. १६०७ मध्ये तर हालस्टाटपासून एबेनझेपर्यंत सुमारे ४० किलोमीटर लांबीची नळवाट पूर्ण झाली आणि तिच्यासाठी झाडांचे बुंधे आतून पोखरून एकमेकांना जोडले होते. मिठागरात राबणाऱ्या माणसांचे सांधेदुखीचे आणि कातडीचे विकार खाऱ्या पाण्याने बरे होतात, हे तेथील वैद्य योझेफ गोट्झ यांच्या ध्यानात आले. व्हिएन्नाचे डॉक्टर फ्रान्झ विरर यांनी ती गोष्ट मनावर घेतली, १८२३ च्या सुमारास येथे स्नानोपचार सुरू झाले आणि कामगारांच्या वस्तीत राजघराण्यातील माणसे येऊ लागली. नावाआधीचा ‘बाड’, म्हणजे स्नान, हा शब्द मात्र अधिकृतपणे १९०६ मध्ये जोडला गेला.

त्या माणसांमध्ये राजघराण्याची सून आर्चडचेस सोफी होती. तिचे अनेक गर्भपात झाले होते आणि साम्राज्याला वारस हवा होता. इश्लच्या उपचारांनंतर १८ ऑगस्ट १८३० रोजी तिला मुलगा झाला, तोच फ्रान्झ जोसेफ. त्याला आणि त्याच्या पाठच्या भावांना लोक मिठाचे राजपुत्र म्हणू लागले. खाऱ्या पाण्याचा यात खरोखर किती वाटा होता, हा प्रश्न वेगळा. गावाने तो वाटा स्वतःकडे घेतला आणि राजघराण्यानेही तो मान्य केला. १८५३ च्या ऑगस्टमध्ये याच गावात तेवीस वर्षांच्या सम्राटाने, जिच्याशी विवाह योजला होता त्या हेलेनेऐवजी तिच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला, एलिझाबेथला, पसंत केले. लग्नाची भेट म्हणून सोफीने त्यांना येथील एक बंगला दिला, तोच आजचा कायझरविला. दुकानादुकानांत एलिझाबेथचीच चित्रे आहेत आणि बहुतेक प्रवासी तिच्यासाठीच येतात.

मी आलो होतो तो एका टेबलासाठी. शिकारीच्या शिंगांनी भरलेल्या जिन्यांवरून आणि खोल्यांतून गेल्यानंतर सम्राटाची अभ्यासिका येते. २८ जुलै १९१४ रोजी, जन्मापूर्वीपासून ज्या गावाशी त्याचे नाते होते त्याच गावात, चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊ घातलेल्या फ्रान्झ जोसेफने ‘माझ्या प्रजाजनांना’ या जाहीरनाम्यावर तेथील टेबलावर सही केली आणि सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले गेले; पहिले महायुद्ध त्यातूनच पेटले. खोली साधी आहे. मार्गदर्शक बाई दोन मिनिटांत पुढे निघाल्या, पण माझा पाय निघेना.

साताऱ्याकडच्या आमच्या गावात, चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी फरशी बसवलेली आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांतील किती मेली, एवढेच तिच्यावर कोरलेले आहे, नावे नाहीत. अशा फरशा आपल्या कितीतरी गावांत आहेत. सहाव्या पुणे डिव्हिजनमधील मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुट-अल-अमारा येथे वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने खंगलेल्या त्या फौजेला शरण जावे लागले. कैदेत गेलेल्यांपैकी पुष्कळजण परतलेच नाहीत. इश्ल हे नाव त्यांनी कधी ऐकले असेल, असे मला वाटत नाही.

सही झाल्यानंतर दोन दिवसांनी सम्राट व्हिएन्नाला गेला. तो पुन्हा इश्लला आला नाही आणि २१ नोव्हेंबर १९१६ रोजी, युद्ध चालू असतानाच, वारला.

संध्याकाळी आम्ही दोन्ही नद्यांच्या संगमाशी बसलो होतो. तेथूनच मी गावी चुलतभावाला फोन केला आणि फरशीचा फोटो मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. भिंतीला चुना देताना अक्षरांत गेलेला चुना भावाने काडीने कोरून काढला होता आणि फरशी पाण्याने धुऊन मगच फोटो घेतला होता.