दोन लाख शहात्तर हजार नग

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी अंबड एमआयडीसीतून एका कारखान्याच्या मालकांचा फोन आला. "अहो सर, ईडीआय सुरू झालं! पहिल्याच फटक्यात दोन लाख शहात्तर हजार नगांची ऑर्डर. कच्च्या मालाचा, म्हणजे धातूच्या बारचा भाव काढायला सांगितलाय." मागून डिस्पॅचच्या अण्णांचा आवाज येत होता, "शेठ, आधी त्यांना येऊन बघू द्या. एका आयटमचे एवढे नग घेणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलं नाही."

मी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची कामं करतो, त्यात हवे ते बदल करायची भाषा, टीडीएल, तीही थोडीफार लिहितो. ईडीआय म्हणजे कस्टमरच्या कॉम्प्युटरवरून ठराविक साच्यात थेट येणारी फाइल. ती वाचून टॅलीत सेल्स ऑर्डर टाकणारा कन्व्हर्टर दुसऱ्या कोणीतरी बसवलेला होता. तांत्रिक बाजू ठीकच होती म्हणा. टॅलीला कळणारी एक्सएमएल फाइल तयार करून ९००० पोर्टवर द्यायची, पार्टीचं आणि आयटमचं नाव टॅलीतल्या मास्टर यादीशी अक्षरन् अक्षर जुळवायचं, ते सगळं नीट चाललं होतं. एकही एरर नव्हता, आणि म्हणूनच कोणाला शंका आली नाही. अण्णा सोडून.

पोचल्यावर मूळ फाइल नोटपॅडमध्ये उघडली. एडिफॅक्ट या आंतरराष्ट्रीय ईडीआय साच्यातली फाइल दिसायला गिचमिड, पण एकदा डोळा बसला की वाचता येते. तुकडे अधिक चिन्हांनी जोडलेले, आत कोलन, आणि प्रत्येक ओळ एकेरी अवतरणचिन्हाने संपलेली. पहिलंच नाव दिसलं 'डेलफॉर'. म्हणजे ही साधी ऑर्डर नव्हतीच, डिलिव्हरी शेड्यूल होतं. चार आठवड्यांसमोर आकडे होते ६०,०००, ६६,०००, ७२,००० आणि ७८,०००. कन्व्हर्टरने या चौघांची बेरीज मारली होती. प्रत्येक आकड्याआधी संख्येचा कोड ३ होता, म्हणजे क्युम्युलेटिव्ह, एकत्रित संख्या.

वाहन उद्योगातल्या पुष्कळ कंपन्या असंच मागतात. 'या आठवड्यात सहा हजार पाठवा' असं त्या म्हणत नाहीत. 'वर्षाच्या सुरुवातीपासून धरून, या तारखेपर्यंत तुमच्या गेटबाहेर एकूण साठ हजार पडलेले हवेत', असं म्हणतात. एखादं शेड्यूल हुकलं तरी पुढच्यात हिशेब आपोआप सावरतो. टॅलीची रीत वेगळी. तिथे एक ऑर्डर, तिच्यावर एक बिल, शिल्लक किती ते पेंडिंगमध्ये.

फाइलमध्ये आणखी एक ओळ होती, कोड ७०, पुढे ३६,०००. म्हणजे त्यांना आजवर मिळालेला माल. त्याच्या जवळच शेवटी मिळालेल्या चलनाचा नंबर. त्या नंबरानंतरचा सगळा माल वाटेत, म्हणजे न्हावाशेवाहून सुटून बोटीवर. तो भरला २१,६००. म्हणजे एकूण ५७,६०० गेलेले, आणि या आठवड्यात पाठवायचे फक्त २,४००. चारही आठवडे मिळून २०,४००. मालकांनी मुकाट्याने बारवाल्याला फोन लावला.

खरी गंमत पुढेच होती. टॅलीत त्या आयटमची विक्री निघाली ५८,८००. बाराशे नग जास्त. मोजणी कुठून सुरू करायची हे आम्ही आधीच बघितलं होतं. १ जानेवारीला जो माल समुद्रात होता तो त्यांनी नव्या वर्षात धरलेला, त्यामुळे आम्हीही तारखेवरून न जाता डिसेंबरातल्या त्या पहिल्या इनव्हॉइसपासून मोजत होतो. तरी बाराशे सुटेनात.

अकाउंट्सच्या ताई म्हणाल्या, "बाराशे? प्लेटिंगला रिजेक्शन आलं होतं तो लॉट बाराशेचाच होता." त्यांनी क्रेडिट नोट काढून दाखवली. रक्कम होती, आयटम नव्हता. मी विचारलं तर किंचित चिडूनच म्हणाल्या, "सर, माल परत आलाच नाही. भाडं परवडत नाही म्हणून त्यांनी तिकडेच भंगारात काढला. मग मी स्टॉक कशाला वाढवू?"

त्यांचं अगदी बरोबर होतं. आयटम टाकला असता तर गोडाउनमध्ये नसलेले बाराशे नग स्टॉकला दिसले असते, आणि मार्च एंडला ऑडिटरने त्यांनाच धरलं असतं. तिकडे कस्टमरचंही बरोबर. रिजेक्ट झालेला नग त्यांनी मिळालेल्यातून वजा केला आणि बदली माल आल्यावर मोजला. टॅलीत मात्र मूळ बिल आणि बदली मालाचं बिल, दोन्ही विक्रीत बसलेली. कन्व्हर्टर टॅलीच्या आकड्यावर चालवला असता, तर दर रिजेक्शनला तेवढा माल कमी गेला असता, आणि लाइन थांबल्याचा दंड कारखान्याच्या माथी.

क्रेडिट नोटवर मी टीडीएलने एक जादा रकाना दिला, 'क्युममधून वजा नग' (क्युम म्हणजे ती एकत्रित संख्या). स्टॉकला हात न लावता फक्त कन्व्हर्टर तो वाचतो. ताईंनी बाराशे भरले, दोन्हीकडे ५७,६०० जुळले. अण्णांनी लगेच २,४०० चं पॅकिंग लावलं.

एक गोष्ट तेवढी निघताना ताईंना बजावून आलो: एप्रिलमध्ये नेहमीप्रमाणे डेटा स्प्लिट करायचा नाही, म्हणजे टॅलीत जुन्या वर्षाची वेगळी कंपनी काढायची नाही. आपलं वर्ष बदललं तरी कस्टमरची मोजणी डिसेंबरपर्यंत चालूच राहते, आणि मार्चपर्यंतची बिलं जुन्या कंपनीत गेली की कन्व्हर्टर त्यांना मुकणार. ताई म्हणाल्या, "हे ऑडिटरला तुम्ही सांगा." मग ऑडिटरचा नंबर घेतला.