सोन्यासाठी वळलेली रेल्वे: नॉर्मन्टन ते क्रॉयडन

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलँडमधली गल्फलँडर ही रेल्वेगाडी आठवड्यातून एकदाच, बुधवारी सकाळी, नॉर्मन्टनहून क्रॉयडनला जाते आणि गुरुवारी परत येते. ती चुकली तर पुढचा बुधवार. म्हणून सगळी आखणी या गाडीभोवती करा. आम्ही पूर्व किनाऱ्यावरच्या केर्न्सहून कार घेऊन सोमवारीच निघालो आणि ते बरं झालं, कारण वाटेत एक टायर पंक्चर झालं आणि अर्धा दिवस त्यातच गेला.

मुळात ही लाइन क्रॉयडनसाठी नव्हतीच. नॉर्मन्टन बंदरापासून दक्षिणेला क्लॉनकरीच्या तांब्याच्या खाणींपर्यंत रूळ न्यायचे ठरले होते. पण १८८५ मध्ये क्रॉयडन डाउन्स या गुरांच्या रानात सोनं सापडलं, माणसांचा लोंढा आला आणि रेल्वेचं तोंड पूर्वेकडे वळलं. काम १८८८ मध्ये सुरू झालं आणि २० जुलै १८९१ ला रूळ क्रॉयडनला पोहोचले. पुढे क्लॉनकरीपर्यंत ते कधी गेलेच नाहीत. आजही ही सुमारे १५० किलोमीटरची लाइन देशातल्या दुसऱ्या कुठल्याही रेल्वेला जोडलेली नाही.

मला सगळ्यात भावले ते स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे आधार. गाडी वाटेत ब्लॅकबुलला चहासाठी थांबते, तेव्हा उतरून रुळांशेजारी उकिडवी बसले. लाकूड नाही, खडी नाही. पोलादी पत्र्याची उपडी पन्हळ, आत गच्च चिखल भरलेला, आणि ती थेट जमिनीवर टेकवलेली. बोटाने ठोकलं तर आवाज भरीव येतो. जॉर्ज फिलिप्स या इंजिनिअरने १८८४ मध्ये याचं पेटंट घेतलं. त्याने कार्पेंटेरिया आखाताकाठचा हा मुलूख पायाखाली घातलेला होता. इथे लाकडाला वाळवी खाते (रुळांलगत माणसाएवढी वारुळं दिसतात) आणि पावसाळ्यात मैलोन् मैल पाणी साचतं. उंच भराव घातला असता तर पुराने तो वाहून नेला असता. हे रूळ जमिनीलगत असल्यामुळे पूर वरून निघून जातो, आणि पाणी ओसरलं की लाइन जागेवरच असते. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, त्यातले कितीतरी स्लीपर अजून गाडीचा भार घेतायत. हात लावून बघाच.

गाडी म्हणजे १९५० ची रेल्वेमोटार, डब्यातच इंजिन असलेली. वेग बेताचा, पाच तास लागतात, बाकं साधी. एसी नाही, त्यामुळे माणशी दोन-तीन लिटर पाणी, टोपी आणि पाठीला छोटी उशी घ्या. जून ते ऑगस्ट उत्तम, तेव्हा तिथे हिवाळा असतो. तिथल्या उन्हाळ्यात, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, पावसाच्या दिवसांत, गाडी बंद असते, म्हणून तारखा आधी तपासा आणि तिकिटाबरोबरच क्रॉयडनमधली खोलीही ठरवून टाका. गाव एवढंसं आहे, ऐनवेळी जागा मिळेलच असं नाही. कारने जाणाऱ्यांनी अंधार पडायच्या आत मुक्काम गाठावा. संध्याकाळी कांगारू आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात. पेट्रोल दिसेल तिथे भरून घ्या, गावाबाहेर मोबाईलला रेंज धरू नका.

क्रॉयडनमध्ये एकेकाळी हजारोंची वस्ती होती, आता काहीशे माणसं राहतात. सॅमवेल स्ट्रीटवर जुनं न्यायालय, पोलीस ठाणं आणि नगरभवन शेजारी शेजारी आहेत. ते तासाभरात बघून होतं.

चिनी वस्तीला मात्र वेळ राखून ठेवा. सोन्यामागे आलेल्या चिनी लोकांनी इथे मंदिर बांधलं होतं. आता जोत्याचे अवशेष आणि डुक्कर भाजायची भट्टी उरली आहे. या लोकांशिवाय इथे भाजीपाला कुठून मिळाला असता, हे त्या कोरड्या जमिनीवर उभं राहिल्यावर कळतं. आणि ही सारी भूमी त्याआधीपासून टागालाका लोकांची, हेही ध्यानात असू द्या.

गुरुवारी परतीची गाडी सकाळीच सुटते, तेव्हा चिनी वस्ती बुधवारी ऊन उतरल्यावर बघून घ्या. सोबत बंद बूट हवेत. गवतात काचा आणि गंजका पत्रा खूप आहे. तिथलं काही उचलू नका, भट्टीचा सुटा दगडसुद्धा नाही.