मालवण: एकीला खोल जायचंय, एकाला तरंगायचंय

बायकोकडे स्कूबा डायव्हिंगचं 'ओपन वॉटर' कार्ड आहे, म्हणजे १८ मीटरपर्यंत जायची मुभा. माझी मजल तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं पडण्याइतकी. एका सहलीत दोघांचं समाधान कसं करायचं, ते मालवणच्या दुसऱ्या खेपेला उमगलं.

पहिल्यांदा गेलो ते पौर्णिमा गाठून, चांदणं बघायला मिळेल म्हणून. पाण्यात हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसेनात. होडीवाले काका हसले, "पुनवेक खय इलात? अष्टमीक येवक होया होता!" उधाणाला पाण्याची ओढ जास्त, तळाचा गाळ ढवळून निघतो. अष्टमी-नवमीला भांग असतो. पाणी थोडंच चढतं-उतरतं आणि गाळ खाली बसलेला राहतो. भरतीची वेळ काढायला पंचांग पुरतं: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. नवमीला पावणेसात. यंदा डिसेंबरात वद्य नवमी धरली आणि सातच्या आत होडीत बसलो. या वेळी खालच्या खडकातल्या साळींदरासारख्या काटेरी गोळ्यांचे काटेही मोजता आले असते.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक माझ्यासारख्याला उत्तम. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे थेट काचेपाशी येतात. बायको मात्र वीस मिनिटांत वर आली, "झालं माझं." म्हणून दुसरा दिवस तिचा: निवतीच्या बाजूचे खडक, तिथे तिला खोली मिळाली. मी 'सोबत' म्हणून होडीत गेलो ही चूक. नांगर टाकलेली होडी चालत्या होडीपेक्षा जास्त डुलते; सकाळचे घावणे समुद्राला अर्पण. तरंगणाऱ्यानं त्या दिवशी सरळ मालवणातच चिवल्याच्या किनाऱ्यावर पाय ओले करावेत. आंग्रिया बँक या समुद्राखालच्या प्रवाळी पठाराचं नाव कुणी काढलं तर ती विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून जास्त आत आहे आणि तिथला प्रवाळही खोल आहे. नळीवाल्याला तिथे काही नाही.

फोनवर नीट विचारून घ्या. मालवणात 'स्कूबा' म्हटलं की बहुतेकांना गाईडनं धरून नेलेली पंधरा मिनिटांची फेरी वाटते. कार्ड असेल तर ते सांगून 'फन डाइव्ह' (कार्डवाल्यांची मोकळी डाइव्ह) मागा. किती मीटर, किती सिलिंडर, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटावरचं यंत्र) देणार का, हेही विचारा. पहिल्या खेपेला एका ठिकाणी तिला पूर्ण वेळ मानगुटीला धरून फिरवलं होतं, वर फोटोसाठी माशांना पाव टाकला. तो पाव टाकू देऊ नका. हे १९८७ पासूनचं सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळाला वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. पाय टेकू नका, तुकडा उचलू नका.

मास्क स्वतःचा न्या. माझा नंबर उणे चार, चष्म्यावर मास्क बसत नाही. नंबरची काच बसवून घेतली. मिशी असेल तर पाणी झिरपतं. नाकाखालची एक पट्टी भादरली की थांबतं (व्हॅसलिननं नुसती मिशी चमकली). बाह्यांचा टी-शर्ट हवाच, नाहीतर पाठ भाजून निघते. पावसाळ्यात हा सगळा बेत बंदच. ऑक्टोबर संपला की पुढचं बघा.

आणि परतीचं. डाइव्ह केल्यावर लगेच विमान नको हे सगळे सांगतात, घाटाचं कुणी सांगत नाही. आम्ही कोल्हापूरचे, फोंडा चढा की आंबोली, शरीराला ती उंचीच. रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या डाइव्हनंतर आम्ही पूर्ण एक दिवस खालीच राहिलो. किल्ला त्या दिवसासाठीच राखून ठेवा, आणि सोमवारची रजा आधीच टाका.